लाइनीचा दोष

राऊटर नावाची वस्तू आता आमच्या घरात नाही. तेव्हा होती. बैठकीत टीव्हीशेजारच्या फळीवर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, दोन काळे दांडे वर केलेला तो पांढरा डबा बसलेला असे. केबलवाल्याने बुलढाण्याहून देऊळघाटापर्यंत खांबाखांबांवरून ओढत आणलेली तार त्या डब्यात शिरायची आणि तिथून इंटरनेट बिनतारी होऊन घरभर पसरायचे, असा समज होता. प्रत्यक्षात ते बैठकीपुरतेच पसरे. मागच्या खोलीच्या वाटेवर दोन मातीच्या भिंती होत्या आणि त्यांच्यामध्ये ज्वारीची पत्र्याची कोठी. दसऱ्याला विळा, कुदळ आणि फवारणीचा पंप यांच्या रांगेत आई त्या डब्यालाही हळदकुंकू लावी. एका दसऱ्याला त्या रांगेत पंप नव्हता. मला त्या वर्षाबद्दल लिहायचे आहे.

बीटी कपाशी आली तेव्हा मी लहान होतो. अळी मरेल, फवारणी सुटेल, असे सांगत ते बियाणे आले आणि काही वर्षे खरोखर तसे झालेही. त्याच्या पाकिटासोबत एक लहान पाकीट मिळे. त्यात साध्या कपाशीचे बी असे. ते वावराच्या कडेने लावायचे, म्हणजे अळीला खायला तिची जागा राहते आणि आतल्या पिकाच्या विषाला ती सरावत नाही, असे पाकिटावर छापलेले होते. गावात ते कोणी लावत नसे. अळीसाठी रान सोडणे शेतकऱ्याच्या मनाला पटत नाही. आई मात्र दरवर्षी पेरणीच्या दिवशी साध्या बियाच्या चार ओळींसाठी म्हणायची, "लावा ना जी कडेनं चार तासं. तिले बी पोट हाये." बाबा हसायचे. "अळीले पंगत वाढतं का आता?" लहान पाकीट उकिरड्यावर जाई. पुढे गुलाबी अळी बोंडाच्या आत शिरली, आतल्या आत बी खाऊ लागली, आणि सुटलेली फवारणी पहिल्यापेक्षा जोराने परत आली.

माझा थोरला भाऊ रामेश्वर माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडले आणि बाबांच्या बरोबरीने शेत धरले, म्हणून मला शिकता आले. ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे. गावच्या क्रिकेट संघाचा तो पहिला फलंदाज होता. गोलंदाज इरफान, त्याचा शाळेपासूनचा सोबती. इरफानच्या घरी गाद्या-रजया भरण्याचा धंदा होता. आमच्याच वावरातला कापूस त्याचे वडील पिंजून द्यायचे, आणि आमच्या घरातली प्रत्येक गादी त्यांच्या हातची होती. इरफान पुढे आखाती देशात वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करायला गेला. रामेश्वर राहिला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. फवारा वर धरावा लागे, आणि वर धरलेला फवारा खालीच येतो. रामेश्वरने सलग चार दिवस फवारणी केली. चौथ्या दिवशी दुपारी तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पडलेला सापडला. केबलवाला पवन आपली गाडी घेऊन वावरापर्यंत आला आणि त्याने त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेले. रामेश्वर वाचला. वाचला, हा शब्द गावाने इतक्या वेळा उच्चारला की मागे काय राहिले हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. मागे हातांचा कंप राहिला. बोटांना काम देत राहा, कमी होईल, असे डॉक्टर म्हणाले. केव्हा, ते त्यांनी सांगितले नाही. रामेश्वरने 'कमी होईल' हे दोन शब्द धरून ठेवले आणि 'केव्हा' हा तिसरा विचारलाच नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या घरी ज्वारीची भाकर कुस्करून वाढली जाऊ लागली. पूर्वी आई तव्यावरून भाकर काढी, ती ताटात फुगलेली येई, वर ठेचा आणि तेलाची धार. आता प्रत्येकाच्या ताटात कढीत किंवा पातळ वरणात चुरलेली भाकर आणि हाताला चमचा. चहाचे कपही अर्धे भरून येऊ लागले. अर्धा संपला की आई दुसरा अर्धा आणून ओती, चारही कपांत. मला अख्खी भाकर आवडायची. एकदा मी म्हणालो, "माय, मले कुस्करू नको ना. मी तोडून खाईन." आई चुलीकडे पाहत म्हणाली, "चुरलेली गोड लागते. खाय गुपचूप." बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते चमच्याने खात राहिले. बाबांना चमच्याने जेवताना मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. रामेश्वर मान खाली घालून जेवत होता.

ईदच्या सुट्टीत इरफान आला तेव्हा त्याने एक खोके आणले. त्यात गेम खेळायचा कन्सोल होता. तसाच दुसरा त्याच्या तिकडच्या खोलीत होता. मागच्या खोलीत रामेश्वरच्या खाटेसमोर त्याने जुना टीव्ही मांडला, यंत्र जोडले आणि रिमोटसारखा तो कंट्रोलर रामेश्वरच्या मांडीवर टाकला. "हे घे बे राम्या. तिकून मी बॉल टाकीन, इकून तू हाण. बहाणे नाही पाह्यजे."

"माह्या हातानं जमते का हे?" रामेश्वर म्हणाला.

"पह्यले तरी कुठं जमत होतं तुले? माह्या यॉर्करवर कितीदा दांडी गुल झाली, सांगू का मावशीले?"

आई हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कोणी रामेश्वरची थट्टा केली होती.

इरफान परत गेला आणि शुक्रवार ठरला. शुक्रवारी त्याला सुट्टी असे. तिकडे त्याची नमाज आणि जेवण उरकले की आमच्याकडे चार वाजलेले असत. आई किडक्या बोंडांची टोपली घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसे. अळीने खाल्लेली बोंडे आपोआप फुटत नाहीत. ती हाताने सोलून आतला पिवळसर कापूस काढावा लागतो. बोंडे तडकल्याचा आवाज, पडद्यावरच्या खोट्या प्रेक्षकांचा गलका आणि टीव्हीतून येणारा इरफानचा आवाज, हे तीन आवाज मला अजून एकत्रच आठवतात. आठवडाभर दहा शब्द न बोलणारा रामेश्वर शुक्रवारी बोले. शिव्याही देई. आई त्या ऐकून न ऐकल्यासारखे करी.

खेळ साधा होता. समोरून चेंडू येई, योग्य क्षणी बटण दाबायचे. क्षण चुकला की बॅट चेंडूमागून फिरे आणि यष्ट्या उडत. रामेश्वरच्या यष्ट्या सारख्या उडत. चित्र मध्येच थिजे, आवाज तुटे, आणि रामेश्वर ओरडे, "लाइन! लाइन गेली होती बे!" तिकडून इरफान म्हणे, "हाव ना यार, इकून बी अटकून राह्यलं. हा बॉल धरू नको. पुन्हा." गावच्या मैदानावर पहिला चेंडू सरावाचा म्हणून सोडून देत, तसा या दोघांनी लाइनीचा चेंडू सोडायचा नियम केला होता. एका शुक्रवारी असे किती चेंडू सोडले जात, याची गणती नव्हती. आई संध्याकाळी बाबांना सांगे, "आज वीस रन केले रामानं. लाइनीनं घात केला, नाही तं पन्नास होते."

मी तेव्हा बुलढाण्याच्या एका संस्थेत संगणकाचा अभ्यासक्रम करत होतो. दोन यंत्रे एकमेकांशी कशी बोलतात हे नुकतेच शिकलो होतो, आणि नुकत्याच शिकलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट बिघडलेली दिसते. लाइन दुरुस्त करायची, हे मी ठरवले. माझ्यासाठी शेतात गेलेल्या भावासाठी मी करू शकत होतो अशी ती एकच गोष्ट होती. म्हणून ती नेटकी करायची होती.

आधी मी मोजणी केली. इथून निघालेला संदेश दूरच्या यंत्राला शिवून परत यायला किती वेळ लागतो, ते पाहता येते. मागच्या खोलीतून तो आकडा मोठा होता आणि दर वेळी वेगळा येई. मी बिनतारीचा नाद सोडला. पहारीने भिंतींना भोके पाडली, कोठीच्या खालून तार नेली आणि राऊटर थेट कन्सोलला जोडला. मग राऊटरच्या पानात शिरलो. त्याचा पासवर्ड डब्याच्या बुडाशी छापलेला होता. कोणी कधी बदललाच नव्हता. कन्सोलला एक कायमचा पत्ता दिला. खेळाचे बोलणे ज्या दारांतून ये-जा करते ती दारे त्या पत्त्यासाठी उघडून दिली. घरातल्या सगळ्यांच्या फोनआधी कन्सोलला वाट मिळावी, असा क्रम लावला. तरीही खेळाच्या पडद्यावर बाहेरचा रस्ता बंद असल्याची खूण दिसत राहिली. आमच्या डब्याच्या पलीकडे केबलवाल्याचा स्वतःचा एक राऊटर होता, आणि त्याची दारे लावलेली होती.

मी पवनकडे गेलो. तो दुकानात तारेचे वेटोळे करत बसला होता.

"पवनभाऊ, तुमच्याकून आमचा रस्ता बंद हाये."

"कोणता रस्ता बे? पिक्चर दिसते ना? गाणे वाजते ना?"

"वाजते. गेम नीट चालत नाही."

"आता गेमसाठी बी मी येऊ का? अभ्यास कर लेका. कोण खेळते तुह्या घरी?"

"दादा."

त्याने वेटोळे खाली ठेवले. "बस इथं," म्हणाला, आणि माझ्यासमोरच त्याने आमच्या घरासाठी वेगळा, उघडा पत्ता लावून दिला. असा पत्ता त्याने गावात दुसऱ्या कोणाला दिलेला नव्हता.

गुरुवारी मी पुन्हा मोजले. आकडा एक तृतीयांशावर आला होता आणि हलत नव्हता. मी इरफानला निरोप पाठवला: लाइन आता पक्की केली आहे. त्याचे उत्तर आले, "काऊन केलं बे छोटे? ठीक तं चालू होतं." मला राग आला. केलेल्या कामाचे कौतुक करायला पैसे पडत नाहीत, असे मनात म्हणालो.

शुक्रवारी चार वाजता मी रामेश्वरच्या खाटेमागे उभा राहिलो. पडद्याच्या कोपऱ्यात लाइनीची स्थिती दाखवणारी खूण मी सुरू करून ठेवली होती. दोष आला तर ती लाल होई आणि कोणाच्या बाजूने आला तेही दाखवी. ती हिरवी होती. इरफानचा आवाज इतका स्पष्ट आला की त्याच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू आली. "दादा, आज लाइनीचं नाव नाही घेता येणार," मी म्हणालो. आई उंबऱ्यातून म्हणाली, "आज पन्नास."

पहिला चेंडू आला. यष्ट्या उडाल्या.

"लाइन," रामेश्वर म्हणाला.

"हिरवी हाये दादा."

दुसरा चेंडू. यष्ट्या उडाल्या. रामेश्वर काही बोलायच्या आधी तिकडून इरफान घाईने म्हणाला, "थांब थांब, इकून अटकलं यार. माह्याकून गेली लाइन. हा धरू नको."

"नाही इरफानभाई," मी म्हणालो. "तुमच्याकून बी बराबर येऊन राह्यलं. दोष कोणाकून हाये ते मले इथं दिसते."

बोंडे तडकण्याचा आवाज थांबला. तो थांबला हे मी तेव्हा ऐकले होते. त्याचा अर्थ लावला नाही.

इरफानने तिसरा चेंडू टाकला. तो इतका हळू होता की शेजारच्या घरातून धावत येऊन मारता आला असता. चेंडू टप्पा न पडता बॅटपर्यंत आला. मी वरून पाहत होतो. रामेश्वरचा अंगठा बटणावर होता. तो दाबू पाहत होता. अंगठा थरथरला, घसरला, पुन्हा वर आला, आणि दाबला गेला तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेला होता. पडद्यावर हिरवी खूण तशीच होती. रामेश्वरने पडद्याकडे पाहिले नाही. त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. दुसऱ्याच्या शेतातले जनावर पाहावे तसे बराच वेळ पाहिले. मग कंट्रोलर खाटेवर उपडा ठेवला.

"बस झालं आज, इरफान."

"राम्या, आयक ना बे. एक ओव्हर. माह्या मनगटात बी आज—"

"लाइन चांगली केली गोपालनं," रामेश्वर म्हणाला. "एकदम चांगली." आणि त्याने टीव्ही बंद केला.

पुढच्या शुक्रवारी यंत्र लागले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इरफानचे फोन आले. रामेश्वर झोपला आहे असे आईने सांगितले. एका सकाळी मी परसात दात घासत असताना आई राखेची पाटी घेऊन जवळ येऊन उभी राहिली.

"गोपाल, ते लाइन पुन्हा खराब करता येते का?"

"काय?"

"थोडीशी. पह्यल्यासारखी."

"माय, इतकी मेहनत केली मी, ते बिघडवासाठी का? आन् खोटं कशाले करायचं? त्याले खरं कळालेच पाह्यजे ना."

आई माझ्यावर कधी रागावत नसे. तेव्हाही रागावली नाही. "चार तासं सोडाले काय जाते बाबू," एवढेच म्हणाली आणि राख उकिरड्यावर टाकून आत गेली.

मी खरे बोलणारा माणूस आहे, असे लोक माझ्याबद्दल सांगतात. मीही ते पुष्कळ वर्षे अभिमानाने ऐकले. आता ऐकतो, एवढेच.

आईचे म्हणणे मानायला मला तीन आठवडे लागले. मग ज्या क्रमाने केले त्याच्या उलट क्रमाने मी सगळे मोडले. दारे लावली, क्रम पुसला, कायमचा पत्ता काढला, कोठीखालची तार ओढून घेतली आणि भिंतींतली भोके मातीने लिंपली. रामेश्वरजवळ जाऊन सांगितले, "दादा, तार उंदरानं खाल्ली. लाइन पुन्हा खराब झाली." तो भिंतीच्या ओल्या लिंपणाकडे पाहत होता. थोडा हसला. "राहू दे बे," म्हणाला. "तुले नाही जमत हे." कन्सोल खोक्यात गेला. त्या वर्षी बाबांनी वावर बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिले आणि पंप ज्याने मागितला त्याला देऊन टाकला. दसऱ्याच्या रांगेत विळा, कुदळ आणि राऊटर राहिले.

इरफान पुढच्या सुट्टीत आला तेव्हा रामेश्वरजवळ दिवसभर बसला. क्रिकेटचा विषय दोघांनीही काढला नाही. संध्याकाळी तो मला मैदानाकडे घेऊन गेला. पोरे खेळत होती. कडेच्या दगडावर बसून त्यांच्याकडे पाहत तो म्हणाला, "छोटे, लाइन येवढी खराब कधीच नव्हती. थोडी होती. बाकीची मी करत होतो."

मला कळले नाही.

"राम्याचा हात चुकला का मी माह्याकून वायर काढायचो. काढली का लावली, काढली का लावली. तू तुह्याकून दुरुस्त करत राह्यला, मी माह्याकून बिघडवत राह्यलो. त्या दिवशी तू म्हणला, दोष कोणाकून हाये ते दिसते. मंग वायर हातात धरून बसलो मी. काढली असती तं तू सांगतला असता त्याले."

मी सांगितले असते. त्यात शंका नाही.

"मले म्हणाले पाह्यजे होतं तुम्ही," मी म्हणालो.

"काय म्हणाले पाह्यजे होतं बे?" इरफान म्हणाला. "मावशीनं सांगतलं होतं का कोणाले, भाकर काऊन कुस्करून राह्यली म्हणून?"

रामेश्वर पुढे बरीच वर्षे जगला. हात सुधारले नाहीत. इरफानच्या वडिलांच्या दुकानात जाऊन बसे, गिऱ्हाइकांशी बोले. रजईला कोणता कापूस चांगला ते त्याच्याइतके कोणाला सांगता येत नसे. माझ्याशी तो कधी वाईट वागला नाही. त्या शुक्रवारबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. तो गेला तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. आई-बाबा त्याच्या आधीच गेले होते. कन्सोलचे खोके माळ्यावर सापडले. त्यात कंट्रोलर नव्हता. तो त्याच्या उशाखाली होता, आणि त्याचे एक बटण झिजून गुळगुळीत झाले होते.

गेल्या वर्षापासून माझा उजवा हात कापतो. वयाचे आहे, असे डॉक्टर म्हणतात. सून चहाचा कप अर्धा भरून आणते. मी विचारत नाही. परवा याच प्रकरणाची पाने लिहिताना अक्षर इतके हलले की मला ते वाचता येईना. मी कागद दूर धरून पाहत होतो. सून मागे उभी होती. ती म्हणाली, "पेनच खराब हाये, बाबा. दुसरा आणून देऊ का?"

पेन त्याच सकाळी काढलेला, नवा होता.

मी म्हणालो, "आण."